आशय शेवटी, वाक्य आधी

इंग्रजी लघुकथा वर्गात कशी शिकवावी, या प्रश्नाला आपल्याकडच्या महाविद्यालयांत एक उत्तर पक्कं होऊन बसलं आहे. आधी कथेचा सारांश सांगायचा. मग फळ्यावर मथळे लिहायचे: कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, प्रतीकं, आशय. प्रत्येक मथळ्याखाली पाच-सहा ओळी उतरवून द्यायच्या. मुलं त्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पास होतात.

या पद्धतीची बाजू घेणारे आळशी नाहीत. त्यांतले अनेक जण कळकळीचे शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, समोरची मुलं तालुक्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेली असतात. एकेका इंग्रजी वाक्याचा अर्थ लावता लावता तास संपतो. निवेदनाची बारकाई, शब्दांची निवड, बोललेलं आणि गाळलेलं यांची जाण त्यांच्याकडून मागणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. बारकाईनं वाचणं ही इंग्रजीत वाढलेल्या शहरी मुलांची चैन आहे. आपल्या मुलांना चौकट द्या, म्हणजे निदान हाती काही लागेल.

मी इंग्रजी शिकवते आणि हे म्हणणं मला मुळातूनच चुकीचं वाटतं. ज्या मुलांच्या काळजीपोटी ही चौकट दिली जाते, त्यांच्याच हातून ती कथा काढून घेते.

एकच कथा घेऊन बोलू, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. कॅथरिन मॅन्सफील्डची ‘द फ्लाय’ ही कथा 1922च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘द नेशन अँड द अथीनियम’मध्ये छापून आली. कथा पाच-सहा पानांची. लंडनच्या व्यापारी भागात एका धनिकाचं ऑफिस आहे. त्याचं नाव कथेत कुठेच येत नाही, त्याला सगळीकडे ‘बॉस’ म्हटलं आहे. पक्षाघातातून उठलेला, निवृत्त वुडिफील्ड त्याला भेटायला आला आहे. घरचे त्याला फक्त मंगळवारी बाहेर सोडतात. बॉस त्याला ऑफिसचं नवं सामान दाखवतो, व्हिस्की पाजतो. मग वुडिफील्डला सांगायचं राहिलेलं आठवतं: त्याच्या मुली बेल्जियमला भाऊ रेगीची कबर बघायला गेल्या होत्या, तिथे जवळच त्यांना बॉसच्या मुलाचीही कबर दिसली. वुडिफील्ड जातो. बॉस शिपायाला, मेसीला, बजावतो की अर्धा तास कोणाला आत सोडू नकोस. मग तो रडायला बसतो. रडू येत नाही. दौतीत पडलेली एक माशी त्याला दिसते. तो तिला लेखणीनं बाहेर काढून टीपकागदावर ठेवतो. माशी पंख पुसून उडायच्या बेतात असताना तो तिच्यावर शाईचा थेंब टाकतो. ती पुन्हा सावरते, तो पुन्हा थेंब टाकतो. तिसऱ्या थेंबानंतर ती हलत नाही. बॉस तिला केराच्या टोपलीत फेकतो, एकाएकी विषण्ण होतो, घाबरतो, मेसीकडून नवा टीपकागद मागवतो आणि आपण मघाशी कशाचा विचार करत होतो, हे त्याला काही केल्या आठवत नाही.

आता ही कथा मथळ्यांखाली भरून पाहा. संघर्ष: माणूस विरुद्ध काळ. आशय: युद्धाची विदारकता, पुत्रशोक, काळ हेच दुःखावर औषध. प्रतीक: माशी म्हणजे युद्धात मेलेले तरुण, किंवा नियतीच्या हातातला माणूस. यातलं प्रत्येक उत्तर मार्क मिळवून देईल. पण मी वर दिलेला सारांश वाचलेला कोणीही, मूळ कथेचं पान न उघडता, ही सगळी उत्तरं लिहू शकतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. कथा न वाचता जे लिहिता येतं, त्याला कथेचं विश्लेषण म्हणायला मी तयार नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट अशी की ती उत्तरं कथेला धरूनही नाहीत. ‘पुत्रशोक’ हा शब्द घ्या. बॉसला पुत्रशोक आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं? कथा तृतीयपुरुषी असली तरी निवेदन बॉसच्या मनाला चिकटून चालतं. इतर बापांना कदाचित विसर पडेल, पण आपलं दुःख काळानं कमी होणार नाही, असं तो लोकांना सांगत आला आहे. हे विधान कथाकाराचं नाही, बॉसचं स्वतःबद्दलचं आहे. ते तपासून पाहण्यासाठीच कथा लिहिली आहे. मथळ्यांच्या चौकटीत शिकलेला विद्यार्थी हे विधान सरळ ‘पात्रं’ या रकान्यात नेऊन ठेवतो: बॉस हा मुलावर अतोनात प्रेम करणारा बाप आहे. कथा ज्यावर शंका घ्यायला सांगते, तेच तो सत्य म्हणून उतरवून घेतो.

याउलट वर्गाला एकच प्रश्न विचारून पाहा: बॉस वुडिफील्डला काय काय दाखवतो आणि काय दाखवत नाही? याचं उत्तर द्यायला इंग्रजीत वाढलेलं असण्याची गरज नाही. लाल गालिचा, मोठं कपाट, टेबल, विजेची शेगडी. या वस्तू पाहुण्यापुढे मांडताना तो फुलून येतो, आणि गेले काही आठवडे हेच चाललं आहे. टेबलावरच्या भिंतीवर मुलाचा लष्करी गणवेशातला फोटो आहे. तो सहा वर्षांपासून तिथे आहे. त्याच्याकडे मात्र तो पाहुण्याचं लक्ष वेधत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे बोट ठेवून दाखवू शकतो. दाखवलं की पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारतो: का दाखवत नाही? इथे चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, दुःख असह्य आहे म्हणून. कोणी म्हणतं, फोटो नवा नाही म्हणून, कारण त्याला नव्याचीच हौस आहे. दोघांनाही पुढे वाचावं लागतं. पुढे रडू न आल्यावर बॉस उठून त्या फोटोकडे पाहायचं ठरवतो आणि तो त्याला आवडत नाही. त्यातला चेहरा थंड, कठोर वाटतो, मुलगा असा कधी दिसलाच नव्हता असं त्याला वाटतं. मग त्याला आठवणारा मुलगा कोणता? ऑफिसात रोज बापाबरोबर येणारा, ज्याच्याबद्दल लोक बापाचं अभिनंदन करत, जो पुढे धंदा चालवणार होता, तो. मुलाच्या आठवणीत मुलाचं स्वतःचं असं किती थोडं आहे आणि बापाच्या अभिमानाचं किती, हे विद्यार्थी स्वतः शोधतात. आणि ते एकदा सापडलं की ‘पुत्रशोक’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात थांबतो.

रडण्याची जागाही अशीच. बॉसनं रडणं ठरवलं आहे, त्याची तजवीज केली आहे: दार बंद, अर्धा तास राखून ठेवलेला, शिपायाला ताकीद. एखाद्या महत्त्वाच्या बैठकीची करावी तशी ही तयारी. आधीच्या पानावर मात्र वुडिफील्ड कबरस्तान किती नीटनेटकं ठेवलंय हे सांगतो आणि लगेच हॉटेलवाल्यानं मुरंब्याच्या एका बरणीचे दहा फ्रँक लावले यावर घसरतो. चौकटीत या मुरंब्याला जागाच नाही, म्हणून गाईडमध्ये तो सहसा येत नाही. मला तो कथेतल्या सर्वांत महत्त्वाच्या तपशिलांपैकी एक वाटतो. विसराळू, खुळावलेल्या वुडिफील्डच्या बोलण्यात मुलाची कबर आणि महागाईची तक्रार शेजारी शेजारी बसतात. त्याचं दुःख कमी झालंय आणि ते लपवायचं त्याला सुचतही नाही. बॉसचंही कमी झालंय, पण ते मान्य करायला तो तयार नाही. कथा या दोन म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवते ती याचसाठी, असं माझं मत आहे. कोणाला हे पटणार नाही. न पटणाऱ्यानं कथेतून दुसरा आधार दाखवावा, मी ऐकेन.

मग माशी येते आणि तिच्याबरोबर प्रतीकांची शिकार. माशी म्हणजे सैनिक, माशी म्हणजे स्वतः मॅन्सफील्ड, माशी म्हणजे माणूस. ‘किंग लिअर’मधला आंधळा ग्लॉस्टर देवांना माश्या मारणाऱ्या उनाड पोरांची उपमा देतो, तोही संदर्भ पुढे केला जातो. संदर्भ खरा आहे, वर्गात सांगावा. पण माशी ‘म्हणजे’ काय हे एकदा ठरवून टाकलं की त्या टीपकागदावर काय घडतं, इकडे कोणी पाहत नाही. तिथे तीन वेळा एकच कृती होते आणि तिन्ही वेळा बॉसची भावना वेगळी असते. माशीच्या चिवटपणाचं त्याला खरंखुरं कौतुक वाटतं. थेंब टाकल्यावर तो तिच्यावर फुंकर घालतो, ती लवकर सुकावी म्हणून. छळ करणारा हात तिला धीरही देतो आहे. माशी म्हणजे सैनिक असं मानायचंच असेल, तर मग पोरांच्या शौर्याचं कौतुक करत त्यांना पुन्हा पुन्हा पुढे पाठवणारे कोण होते, हा प्रश्न टाळता येत नाही आणि बॉस फक्त शोकग्रस्त बाप उरत नाही. प्रतीकाचा अर्थ अशा बारीक हालचालींतून वर यावा लागतो. तो वरून चिकटवला की हालचाली झाकल्या जातात.

आणखी एक जागा सांगते. निपचित पडलेल्या माशीला बॉस लेखणीनं ढोसतो आणि चटपट आटपायला फर्मावतो. थोड्याच ओळींनंतर म्हाताऱ्या मेसीला टीपकागद आणायला सांगताना तो पुन्हा तेच दोन शब्द वापरतो. मेसीची तुलना आधीच कुत्र्याशी झाली आहे. शब्दकोश बाजूला ठेवूनही ही पुनरुक्ती डोळ्यांना दिसते, कारण ती दिसण्यासाठी फक्त तीच अक्षरं दोनदा ओळखावी लागतात. इंग्रजी कच्चं असलेली मुलं कधी कधी हे आधी पकडतात, कारण ती शब्द-शब्द लावत जातात. सराईत वाचकाची नजर अशा जागेवरून घसरून जाते. ‘आपल्या मुलांना जमणार नाही’ या विधानाला माझं उत्तर या जागेत आहे. त्यांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. टीपकागद म्हणजे काय, दौत कशी असते, शाईनं लिहिलेलं टिपायचं म्हणजे काय करायचं, हे बॉलपेनवर वाढलेल्या मुलांना माहीत नसतं. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मैलोन्‌मैल पसरलेली लष्करी कबरस्तानं, तिथे जाणारे नातेवाईक, हेही माहीत नसतं. शिक्षकानं वेळ घालवायचा तो यावर.

भाषा मातृभाषा असली म्हणजे वाचन आपोआप बारकाईचं होतं, हा समज तर कधीच मोडला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना 13 कविता कवींची नावं न सांगता दिल्या, त्यांवर मतं लिहून घेतली आणि 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये ती छापली. बहुतेक विद्यार्थी इंग्रजीच मातृभाषा असलेले, उत्तम शाळांतून आलेले. त्यांनी साध्या अर्थापासूनच घोटाळे केले होते. कुठे ठरीव भावना आड आल्या होत्या, कुठे आधीच मनात असलेली मतं. म्हणजे वाचन ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट आहे, केंब्रिजमध्येही आणि कळवणमध्येही. आपल्या मुलांना ती शिकवायचीच नाही, असं ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा युक्तिवाद चरित्राचा. लेखिकेचं आयुष्य माहीत नसेल तर कथा कळत नाही, म्हणून तासाची सुरुवात चरित्रानं व्हावी, असं सांगितलं जातं. ‘द फ्लाय’च्या बाबतीत चरित्र फार मोहात पाडणारं आहे. मॅन्सफील्ड मूळची न्यूझीलंडची. तिचा एकुलता भाऊ लेस्ली 1915च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये हातबाँबच्या सरावात मारला गेला. वडील बडे बँकर होते. ती स्वतः क्षयानं खंगत होती आणि कथा छापून आल्यावर वर्षभराच्या आत, 9 जानेवारी 1923 रोजी, फ्रान्समध्ये वारली. हे ऐकल्यावर विद्यार्थ्याला वाटतं, कुलूप उघडलं: बॉस म्हणजे वडील, मेलेला मुलगा म्हणजे लेस्ली, माशी म्हणजे ती. मला विचाराल तर दार तिथे बंद झालं. भावासाठी झुरणारी बहीण असा बॉस का लिहील, ज्याला रडू येत नाही? शोकाच्या खरेपणावरच शंका घेणारी कथा ती का लिहील? हे प्रश्न चरित्र सोडवत नाही, उलट अधिक अवघड करतं, आणि म्हणूनच ते कथा दोनदा वाचून झाल्यावर सांगावं. या कथेवर 1962 साली ‘एसेज इन क्रिटिसिझम’मध्ये एफ. डब्ल्यू. बेटसन आणि बी. शाहेविच यांनी बारकाईच्या वाचनाचा एक वस्तुपाठच छापला आणि त्यावर त्याच नियतकालिकात वाद झाला. छापून आल्यानंतर 40 वर्षांनी जाणकार भांडत होते ते तिच्या वाक्यांवरून.

मला विरुद्ध बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. चौकट नको म्हणणाऱ्यांत एक गट असा आहे, जो चर्चेत प्रत्येकाचं मत बरोबर धरतो. ‘तुम्हाला कथा वाचून काय वाटलं?’ असं विचारायचं, दहा जणांचं दहा प्रकारचं ‘वाटणं’ ऐकायचं आणि टाळ्या वाजवायच्या. यात मोकळेपणा दिसतो, पण कथेचा अपमानच होतो, कारण तिच्यात काय लिहिलं आहे याला किंमतच उरत नाही. बॉसला शेवटी पश्चात्ताप झाला, असं एखादी मुलगी म्हणाली तर तिला विचारायलाच हवं: कुठल्या वाक्यावरून? तिथे विषण्णता आहे, भीती आहे, कॉलरमागचा घाम पुसणं आहे आणि विस्मरण आहे. पश्चात्ताप तिला दाखवता आला तर सगळ्यांनी मान्य करावा. नाही आला तर तिनं मत बदलावं. यात तिचा पाणउतारा नाही. तिला गंभीरपणे घेतल्याची ती खूण आहे. चर्चेतली लोकशाही अशीच असते.

हेमिंग्वेच्या 1927 सालच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’बद्दल थोडक्यात बोलते, कारण तिथे चौकटीनं केलेला घात अधिक उघड दिसतो. स्पेनमधलं एक स्टेशन, गाडीची वाट बघत मद्य पिणारे एक पुरुष आणि एक तरुणी, आणि बहुतेक सगळा संवाद. ते ज्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात, तिचं नाव कथेत येत नाही. गाईड पहिल्याच ओळीत लिहितं: आशय, गर्भपात. कथा जे बोलायचं टाळते ते आधीच सांगून टाकल्यावर विद्यार्थ्यानं शोधायचं काय? पुरुष प्रत्येक वेळी आपला आग्रह काळजीच्या भाषेत कसा गुंडाळतो. ती शेवटी एकाच विनवणीचा शब्द सलग सात वेळा उच्चारून त्याला गप्प राहायला कशी सांगते. त्याला स्पॅनिश येतं, तिला येत नाही, म्हणून वाढणाऱ्या बाईशी बोलणं त्याच्याच हातात कसं राहतं. ही शेवटची गोष्ट आमच्या मुलींना पटकन कळते. भाषा न येणाऱ्या माणसाला टेबलावर कसं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. ज्याला आपण त्यांचं उणं समजतो, ते इथे वाचनाला उपयोगी पडतं.

आणि ही चर्चा कुठल्या भाषेत करायची? माझं म्हणणं स्पष्ट आहे: गरज असेल तिथे मराठीत. इंग्रजी कथेवर इंग्रजीतच बोललं पाहिजे या हट्टापायी वर्ग मुका होतो आणि मग मुकेपणावर उपाय म्हणून तयार नोट्स दिल्या जातात. कथेबद्दल नेमकेपणानं बोलण्याची आपल्याकडे दीर्घ सवय आहे. नवकथेच्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांवरून जे वाद झाले, ‘सत्यकथा’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या संहितांवर ज्या बारकाईनं काम केलं, त्यातून निवेदक, दृष्टिकोन, सूचकता, घाट यांविषयी बोलण्याची भाषा घडली. ती भाषा मुलांच्या वारशाची आहे. तिच्यातून विचार पक्का झाला की तो इंग्रजीत लिहायला शिकवणं हे वेगळं आणि तुलनेनं सोपं काम आहे. विचारच नसेल तर इंग्रजी कितीही सुधारलं तरी लिहायला काही नसतं.

उरतो परीक्षेचा मुद्दा, आणि चौकटीच्या बाजूनं खरं वजन असलेला मुद्दा हाच आहे. पेपरात आशयावर प्रश्न येतो. त्याला वाक्यांच्या खोदकामानं उत्तर कसं द्यायचं? माझा अनुभव असा की ज्या विद्यार्थ्यानं कथेतल्या चार जागा स्वतः हेरल्या आहेत, तो आशयावरचं उत्तरही अधिक चांगलं लिहितो, कारण त्याच्याजवळ दाखवायला काही असतं. पण हे विद्यार्थ्यावर सोडून देणं बरोबर नाही. प्रश्न काढणारे आपणच आहोत. अभ्यासमंडळांवर बसलेल्यांना माझी मागणी आहे की ‘कथेचा आशय विशद करा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी कथेतला दहा-बारा ओळींचा उतारा छापा आणि विचारा: इथे कोणाच्या नजरेतून दिसतं आहे, हे कशावरून? बॉस रडायचं ठरवतो आणि त्याला रडू येत नाही. याची तयारी आधीच्या पानांत कुठे झाली आहे, तीन जागा दाखवा. उत्तर तपासताना मतापेक्षा आधाराला मार्क द्या, आणि ज्यांचं इंग्रजी अडखळतं त्यांच्या व्याकरणाचे मार्क वेगळे ठेवा. या प्रश्नांची तयार उत्तरं विकणं गाईडवाल्यांना अवघड जाईल, कारण उतारा दरवर्षी बदलता येतो.